कृत्रिम बुद्धिमत्तेचा पहिला अभ्यासक्रम



विद्यापीठाने कोणता विषय कोणत्या क्रमाने शिकवावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ अभ्यासमंडळाच्या बैठकीतला वाटतो. परंतु काही विषय असे असतात की, वर्गात त्यांची मांडणी कशी झाली याचे परिणाम वर्गाबाहेरच्या माणसाला भोगावे लागतात. वैद्यकाचा पहिला पाठ चुकला तर त्याची झळ रुग्णाला लागते. बांधकामशास्त्राचा पाठ कच्चा राहिला तर पुलावरून जाणाऱ्याचा जीव धोक्यात येतो. कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय आज याच पंक्तीत येऊन बसला आहे. कर्ज मंजूर करावे की नाही, कोणाचा अर्ज तपासणीसाठी बाजूला काढावा, क्ष-किरण छायाचित्रात रोगाची खूण दिसते काय, पिकावरील कीड कोणती, अशा प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी संगणकाची मदत घेतली जाऊ लागली आहे. ही यंत्रणा उभारणारा, ती विकत घेणारा आणि तिच्या निर्णयावर स्वाक्षरी करणारा, असे तिघेही कोणत्या तरी महाविद्यालयातूनच बाहेर पडलेले असतात. म्हणून या विषयाचा पहिला अभ्यासक्रम कसा असावा, याचा विचार केवळ संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांवर सोपवून चालणार नाही.

एका सत्रात काय मावेल?

पहिल्या अभ्यासक्रमाची खरी अडचण ही विषयाच्या दारिद्र्याची नसून त्याच्या सुबत्तेची आहे. अॅलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९५० साली आपल्या निबंधात यंत्र विचार करू शकेल काय, हा प्रश्न उपस्थित केला. १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन मॅकार्थी, मार्विन मिन्स्की, नॅथॅनिएल रॉचेस्टर आणि क्लॉड शॅनन यांच्या पुढाकाराने भरलेल्या चर्चासत्रातून या विषयाला त्याचे नाव मिळाले. त्यानंतरच्या सुमारे सत्तर वर्षांत तर्कशास्त्र, संभाव्यता, मानसशास्त्र, भाषाशास्त्र आणि अभियांत्रिकी अशा अनेक ओढ्यांचे पाणी या प्रवाहात येऊन मिळाले. महाविद्यालयीन सत्रात मात्र एका विषयाच्या वाट्याला साधारणपणे चाळीस ते पंचेचाळीस तास येतात. एवढ्या अवधीत सर्व काही सांगण्याचा हव्यास धरला तर विद्यार्थ्याच्या पदरी केवळ नावांची यादी पडते. तेव्हा काय शिकवावे यापेक्षा काय सोडावे, हे ठरविणे अधिक कठीण आणि अधिक महत्त्वाचे ठरते.

फॅशनच्या मागे जाण्याची किंमत

या निवडीत मागील इतिहासाचा दाखला उपयोगी पडतो. या विषयाची आरंभीची पाठ्यपुस्तके पाहिली तर प्रत्येक काळाने आपल्या आवडीचे साधन म्हणजेच संपूर्ण विषय, असे मानल्याचे दिसते. निल्स निल्सन यांच्या १९७१ च्या पुस्तकात उत्तराचा शोध घेण्याच्या पद्धतींना प्राधान्य होते. पॅट्रिक विन्स्टन यांचे पुस्तक १९७७ साली आणि एलेन रिच यांचे १९८३ साली आले. रिच यांच्या पुस्तकाच्या पुढील आवृत्त्या भारतातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत वर्षानुवर्षे वापरल्या गेल्या. त्या काळी तज्ज्ञ-प्रणालींचा मोठा बोलबाला होता. तज्ज्ञ माणसाचे ज्ञान 'अमुक असेल तर तमुक समजावे' अशा नियमांच्या रूपाने संगणकात साठवायचे, ही त्यामागील कल्पना.

स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७० च्या दशकात एडवर्ड शॉर्टलिफ यांनी विकसित केलेली 'मायसिन' ही प्रणाली याचे नामांकित उदाहरण होय. रक्तातील जंतुसंसर्गाचे निदान करून औषध सुचविण्यासाठी तिच्यात सुमारे ५०० नियम होते. तिचा एक गुण आजही वाखाणण्याजोगा आहे. वैद्याने 'हा प्रश्न का विचारला?' किंवा 'हा निष्कर्ष कसा काढला?' असे विचारले, तर ती आपला नियम दाखवून उत्तर देत असे. चाचण्यांत तिची कामगिरी तज्ज्ञांच्या तोडीची ठरली. तरीही रुग्णालयांच्या नित्य वापरात ती कधी आली नाही. पुढे नियम लिहून ज्ञान भरण्याचे काम किती खर्चाचे व किती नाजूक असते, हे अनुभवाला आले आणि तज्ज्ञ-प्रणालींची लाट ओसरली. केवळ त्याच तंत्रावर ज्यांचे शिक्षण बेतलेले होते, त्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकणे भाग पडले.

उलट दिशेचेही उदाहरण आहे. मेंदूतील मज्जापेशींच्या धर्तीवर रचलेले शिकणारे जाळे फ्रँक रोझेनब्लॅट यांनी १९५८ साली मांडले. १९६९ साली मिन्स्की आणि सेमूर पॅपर्ट यांनी अशा एकपदरी जाळ्याच्या मर्यादा गणिताने दाखवून दिल्या, आणि पुढे बराच काळ या मार्गाकडे पुष्कळांनी पाठ फिरविली. १९८६ साली अनेकपदरी जाळ्यांना शिकविण्याची रीत प्रकाशात आली, २०१२ साली प्रतिमा ओळखण्याच्या स्पर्धेत अशा जाळ्याने मोठी आघाडी घेतली आणि २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जॉन हॉपफील्ड व जेफ्री हिंटन यांना याच क्षेत्रातील पायाभूत कार्याबद्दल देण्यात आले. एका पिढीने अभ्यासक्रमातून जवळजवळ वगळलेले प्रकरण पुढच्या पिढीत मुख्य प्रकरण झाले.

नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅट-जीपीटी' लोकांसमोर आल्यापासून भाषा निर्माण करणाऱ्या प्रणालींचा गाजावाजा सर्वत्र आहे. त्या शिकवावयास हव्यात, यात शंका नाही. परंतु पहिला अभ्यासक्रम म्हणजे एखाद्या कंपनीचे साधन कसे वापरावे याचा वर्ग, अशी समजूत रूढ होऊ लागली, तर १९८० च्या दशकातील चूक नव्या वेषात पुन्हा घडेल. साधन चार वर्षांत बदलते. पदवीधराला मात्र त्यानंतर चाळीस वर्षे काम करावयाचे असते.

आपल्याकडील परंपरा

भारतात या विद्येची परंपरा नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा 'टिफ्रॅक' संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. १९८६ मध्ये केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ज्ञानाधिष्ठित संगणक प्रणालींचा प्रकल्प हाती घेतला. त्यात मद्रासची भारतीय तंत्रज्ञान संस्था, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, कलकत्त्याची भारतीय सांख्यिकी संस्था यांच्याबरोबर मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र या दोन संस्थांचा समावेश होता. हैदराबादच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०१९ साली या विषयाची स्वतंत्र पदवी सुरू केली. त्याच वर्षी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने इयत्ता नववीसाठी हा ऐच्छिक विषय म्हणून आणला. म्हणजे महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या काही विद्यार्थ्यांच्या कानांवरून हे शब्द आधीच गेलेले असतात. काहींनी ते प्रथमच ऐकलेले असतात. दोघेही एकाच बाकावर बसतात, ही गोष्ट अभ्यासक्रम आखताना विसरता येणार नाही.

तीन प्रयोग, तीन धडे

परदेशांतील तीन प्रयोग या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहेत.

पहिला प्रयोग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील आहे. तेथील प्रास्ताविक अभ्यासक्रमासाठी जॉन डेनेरो आणि डॅन क्लाइन यांनी 'पॅकमॅन' या जुन्या संगणकीय खेळावर आधारलेली प्रात्यक्षिके तयार केली. चक्रव्यूहातून वाट काढताना विद्यार्थी शोधपद्धती शिकतो. मागे लागलेल्या भुतांना चुकविताना प्रतिस्पर्ध्याची चाल ओळखण्याचे गणित शिकतो. न दिसणाऱ्या भुताचा ठावठिकाणा अंदाजाने ताडताना संभाव्यता शिकतो. आणि चुकत-माकत खेळ सुधारताना अनुभवातून शिकणाऱ्या यंत्राचे तत्त्व शिकतो. पटाचा आणि पडद्याचा भाग शिक्षकांनी आधीच लिहून दिलेला असल्यामुळे विद्यार्थ्याचे सारे लक्ष मूळ कल्पनेवर राहते. ही प्रात्यक्षिके पुढे इतर अनेक विद्यापीठांनीही स्वीकारली. एकच परिचित उदाहरण सत्रभर सोबत ठेवले तर विखुरलेली प्रकरणे एका सूत्रात ओवली जातात, हा त्याचा धडा.

दुसरा प्रयोग २०११ च्या शरद सत्रातील. स्टॅनफर्ड विद्यापीठातील आपला प्रास्ताविक अभ्यासक्रम सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्व्हिग यांनी इंटरनेटवरून सर्वांसाठी विनामूल्य खुला केला. सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नावे नोंदविली. अभ्यासक्रम पूर्ण करणारे सुमारे २३ हजार निघाले. म्हणजे सातांपैकी एक. दार उघडले की माणसे येतात, हे त्यातून सिद्ध झाले. पण आत आलेला शेवटपर्यंत टिकावयाचा असेल तर जवळ बसून शंका सोडविणारे कोणी तरी हवे, हेही त्यातून दिसून आले. भारतातील 'एनपीटीईएल' आणि 'स्वयम्' या मंचांवरील व्याख्याने आज तालुक्याच्या महाविद्यालयातही पाहता येतात. ती पाहून झाल्यावर फळ्यापुढे उभा राहून गणित सोडवून घेणारा स्थानिक अध्यापक नसेल, तर त्या व्याख्यानांचा निम्मा लाभ वाया जातो.

तिसरा प्रयोग सर्वसामान्य नागरिकांसाठी आहे. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाने 'रिअॅक्टर' या कंपनीच्या सहकार्याने मे २०१८ मध्ये या विषयाचा एक विनामूल्य अभ्यासक्रम सुरू केला. देशाच्या लोकसंख्येपैकी एक टक्का लोकांना, म्हणजे सुमारे ५५ हजारांना, हा विषय समजावून देण्याचे उद्दिष्ट त्यांनी ठेवले. संगणकाची आज्ञावली लिहिता येणे ही अट ठेवली नाही. विषयाची व्याख्या, प्रश्न सोडविण्याच्या पद्धती, संभाव्यता, यंत्राचे शिकणे, मज्जाजाळी आणि समाजावरील परिणाम, अशा सहा प्रकरणांत तो बांधलेला आहे. पुढे २०१९ च्या डिसेंबरात फिनलंडने तो युरोपीय संघातील सर्व अधिकृत भाषांत उपलब्ध करून देण्याचे जाहीर केले. आज्ञावली न लिहिताही तत्त्व समजते, आणि मातृभाषेतून सांगितले तर पुष्कळांना समजते, हा त्याचा धडा आपल्याला विशेष जवळचा आहे.

टिकाऊ काय आहे?

मग पहिल्या अभ्यासक्रमात काय ठेवावे? ज्या कल्पना साधने बदलली तरी बदलत नाहीत, त्या. अशा चार कल्पना ठळकपणे सांगता येतात.

पहिली कल्पना शोधाची. समजा, पाण्याच्या टँकरला दहा वाड्यांवर जावयाचे आहे. कोणत्या क्रमाने जावे, याचे ३६ लाख २८ हजार ८०० पर्याय होतात. वाड्या पंधरा झाल्या की पर्यायांची संख्या सुमारे १ लाख ३० हजार कोटींवर जाते. वेगवान संगणकही सर्व पर्याय तपासत बसला तर वाड्या आणखी थोड्या वाढताच हतबल होतो. म्हणून उपयोगी पडेल अशा अंदाजाच्या आधारे शोध आखडता घ्यावा लागतो. १९६८ साली पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्रम राफेल यांनी मांडलेली मार्ग शोधण्याची रीत याच तत्त्वावर उभी आहे आणि ती आजही शिकविली जाते. संगणक फार वेगाने मोजतो म्हणून शहाणा असतो, हा भ्रम या एका उदाहरणाने दूर होतो.

दुसरी कल्पना ज्ञानाची मांडणी आणि त्यावरून अनुमान काढण्याची. शासनाच्या कोणत्याही योजनेचे पात्रतेचे निकष घेऊन ते नियमांच्या रूपात लिहावयास विद्यार्थ्याला सांगावे. 'कुटुंब' म्हणजे कोण, 'अल्पभूधारक' कोणाला म्हणावे, विभक्त शिधापत्रिका असलेला पण एकाच घरात राहणारा भाऊ कोठे धरावा, असे प्रश्न लगेच उभे राहतात. नियमांतील संदिग्धता यंत्र दूर करीत नाही, तर ती उघडी पाडते. हा पाठ संगणकाइतकाच प्रशासनाचाही आहे.

तिसरी कल्पना अनिश्चिततेची. समजा, एका तालुक्यात एका योजनेचे १,००० लाभार्थी आहेत आणि त्यांपैकी १० बनावट आहेत. बनावट लाभार्थी हुडकणारी यंत्रणा दहांपैकी नऊ बनावट नावे बरोबर पकडते आणि खऱ्या लाभार्थ्यांपैकी दहांत एकावर चुकून बोट ठेवते. ऐकणाऱ्याला ही यंत्रणा नव्वद टक्के अचूक वाटेल. प्रत्यक्षात ९९० खऱ्या लाभार्थ्यांपैकी ९९ जणांवर ठपका येतो आणि बनावटांपैकी ९ सापडतात. म्हणजे संशयितांच्या १०८ नावांत खरोखर दोषी केवळ ९, बारांत एक. ज्या अधिकाऱ्याला हे गणित ठाऊक आहे, तो त्या यादीवरून थेट अनुदान बंद न करता प्रथम चौकशी करील. ज्याला ठाऊक नाही, तो ९९ निरपराध माणसांच्या तोंडचा घास काढून घेईल आणि आपण कार्यक्षम आहोत असे समजेल. अठराव्या शतकातील थॉमस बेझ यांच्या नावाने ओळखले जाणारे हे गणित शाळेतील त्रैराशिकापेक्षा फारसे कठीण नाही.

चौथी कल्पना नमुन्यांवरून शिकण्याची. येथे अध्यापकांना त्यांच्याच अनुभवातील उपमा देता येईल. वर्गात सोडवून घेतलेलीच उदाहरणे परीक्षेत दिली तर पाठांतर तपासले जाते, समज नव्हे. तद्वतच ज्या नमुन्यांवर यंत्र शिकले, त्यांवरच त्याची परीक्षा घेतली तर गुण भरघोस येतात आणि प्रत्यक्ष कामात ते घसरते. शिकण्याचे नमुने आणि परीक्षेचे नमुने वेगळे ठेवावेत, हा नियम विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडला पाहिजे. नमुने कोणाचे घेतले, हाही प्रश्न तितकाच मोलाचा. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ साली चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यापारी प्रणाली तपासल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होते. सावळ्या व काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. एकूण सरासरी अचूकता सांगितली की ही तफावत झाकली जाते. सरासरीखाली कोण दडले आहे, हे विचारण्याची सवय पहिल्याच सत्रात लागली तर ती जन्मभर पुरते.

नीतीचे प्रकरण शेवटी नको

समाजावरील परिणामांचा भाग बहुतेक ठिकाणी शेवटच्या प्रकरणात ढकलला जातो, आणि सत्र संपत आले की तोच प्रथम गाळला जातो. हार्वर्ड विद्यापीठात २०१७ पासून बार्बरा ग्रोझ आणि अॅलिसन सिमन्स यांच्या पुढाकाराने निराळी वाट चोखाळण्यात आली. तत्त्वज्ञान विभागातील अभ्यासक संगणकशास्त्राच्या नेहमीच्याच वर्गांत येऊन त्या त्या प्रकरणाशी निगडित नैतिक प्रश्न शिकवू लागले. ही पद्धत अनुकरणीय आहे. कारण चूक ही तंत्राच्या आत असते, तंत्र संपल्यानंतरच्या प्रवचनात ती सापडत नाही.

दोन घटना याची साक्ष देतात. ऑस्ट्रेलियात सामाजिक साहाय्य घेणाऱ्यांकडून जादा दिलेली रक्कम वसूल करण्यासाठी २०१६ मध्ये एक स्वयंचलित योजना व्यापक प्रमाणात राबविण्यात आली. लोक तिला 'रोबोडेट' म्हणू लागले. करखात्याकडील वार्षिक उत्पन्न पंधरवड्यांत समान वाटून ते माणसाने स्वतः कळविलेल्या उत्पन्नाशी ताडून पाहिले जाई. त्यात कोणतीही अद्भुत बुद्धिमत्ता नव्हती, साधा भागाकार होता. पण ज्याचे उत्पन्न हंगामी आहे, त्याच्या बाबतीत हा भागाकारच खोटा ठरतो. आपल्याकडील ऊसतोड कामगाराने सहा महिन्यांत ६० हजार रुपये मिळविले आणि उरलेल्या सहा महिन्यांत काहीच मिळविले नाही, असे समजा. सरासरीने त्याचे मासिक उत्पन्न बाराही महिने ५ हजार दिसेल, आणि रिकाम्या महिन्यांत 'उत्पन्न नाही' असे सांगणारा तो माणूस कागदावर लबाड ठरेल. ऑस्ट्रेलियात हेच घडले. २०१९ मध्ये ही वसुली बेकायदेशीर असल्याचे न्यायालयात मान्य झाले, आणि चौकशी आयोगाने २०२३ मध्ये आपल्या अहवालात या योजनेवर अत्यंत कठोर शब्दांत ताशेरे ओढले.

नेदरलँड्समध्ये बालसंगोपन साहाय्याच्या अर्जांची छाननी करताना जोखीम ठरविणाऱ्या प्रणालीचा वापर झाला. हजारो पालकांवर फसवणुकीचा खोटा ठपका आला आणि मोठमोठ्या रकमा परत मागितल्या गेल्याने अनेक संसार कर्जात बुडाले. अर्जदाराचे नागरिकत्व कोणत्या देशाचे, ही बाब त्या छाननीत विचारात घेतली गेली होती. जानेवारी २०२१ मध्ये या प्रकरणी तेथील मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

या दोन्ही प्रकरणांत यंत्राने सांगितलेले खरे धरून माणसाला स्वतःचे निरपराधित्व सिद्ध करावयास लावले गेले. 'हे कसे ठरविले?' या साध्या प्रश्नाला खिडकीमागच्या कर्मचाऱ्याजवळ उत्तर नव्हते. पन्नास वर्षांपूर्वीची 'मायसिन' प्रणाली ज्या प्रश्नाला उत्तर देऊ शके, तो प्रश्न नव्या यंत्रणेला विचारण्याचा हक्क नागरिकाला असावा, हे विद्यार्थ्याने या घटनांवरून शिकावयाचे आहे.

तासांची वाटणी

पंचेचाळीस तासांच्या सत्राची वाटणी ढोबळमानाने अशी करता येईल: प्रास्ताविक व इतिहास ३ तास, शोधपद्धती ८, ज्ञानाची मांडणी व अनुमान ७, अनिश्चितता ८, नमुन्यांवरून शिकणे १०, भाषा व दृष्टी यांवरील उपयोग ४ आणि समाजावरील परिणाम ५. शेवटचे पाच तास एकत्र न ठेवता प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस एकेक याप्रमाणे वाटून द्यावेत. संगणकशास्त्राखेरीज इतर शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी हाच आराखडा आज्ञावली-लेखन वगळून आणि हाताने सोडविण्याची उदाहरणे वाढवून वापरता येतो. वर उल्लेखिलेली टँकरची, लाभार्थ्यांची आणि हंगामी उत्पन्नाची उदाहरणे खडू-फळ्यावर सोडविता येतात; वीज गेली म्हणून तो तास बुडत नाही.

परीक्षापद्धतीतही बदल अटळ आहे. घरून लिहून आणलेला निबंध विद्यार्थ्याने लिहिला की यंत्राने, हे आता खात्रीने सांगता येत नाही. म्हणून केलेल्या कामावर तोंडी प्रश्न विचारणे, वर्गात बसवून उदाहरण सोडवून घेणे आणि यंत्राने दिलेल्या उत्तरातील चूक शोधावयास सांगणे, या रीतींना अधिक गुण ठेवावेत. शेवटची रीत विशेष फलदायी आहे. कारण चूक शोधण्यासाठी विषय यावाच लागतो.

मराठीचा प्रश्न

मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला या विषयात दुहेरी ओझे वाहावे लागते: कल्पना नवी आणि शब्दही परके. राज्याच्या भाषा संचालनालयाने अनेक शास्त्रांचे परिभाषा-कोश सिद्ध केले आहेत. या विषयातही मराठी संज्ञा घडतील. परंतु त्या घडविताना अर्थ पोहोचणे हे प्रयोजन असावे. 'संगणक' हा शब्द रुळला, 'इंटरनेट' तसाच राहिला. दोन्ही मराठी माणसाला कळतात.

मराठी ही केवळ शिकविण्याची भाषा नसून या विषयातील अभ्यासाची सामग्रीही आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत मराठी शब्दांच्या अर्थसंबंधांचे जाळे, म्हणजे मराठी 'वर्डनेट', तयार झाले आहे. 'घरात', 'घराला', 'घरापासून', 'घराजवळचा' ही सर्व एकाच शब्दाची रूपे आहेत, हे यंत्राला कसे ओळखता येईल, हा प्रश्न बीडच्या किंवा चंद्रपूरच्या विद्यार्थ्याला परक्या भाषेतील उदाहरणापेक्षा लवकर भिडेल. आपल्या बोलीतील नमुने यंत्राच्या शिक्षणात आले नाहीत तर ते यंत्र आपल्या माणसाचे बोलणे ओळखणार नाही, हेही त्याला त्यातूनच उमगेल.

अध्यापकाचे स्थान

उत्तम आराखडा छापून महाविद्यालयांकडे पाठविला म्हणजे काम संपले, असे होत नाही. हा विषय स्वतः न शिकलेल्या अध्यापकावर तो शिकविण्याची वेळ येते, तेव्हा वर्गात पुस्तकातील व्याख्यांचे वाचन होते. म्हणून अभ्यासक्रम लागू करण्यापूर्वी अध्यापकांनी ती सर्व उदाहरणे स्वतः सोडवून पाहावीत, गणित व सांख्यिकीच्या सहकाऱ्यांबरोबर काही प्रकरणे वाटून घ्यावीत, आणि तालुक्यातील कृषी, आरोग्य व महसूल विभागांच्या अधिकाऱ्यांना वर्षातून एखाद्या तासाला वर्गात बोलवावे. खरा प्रश्न कसा असतो हे विद्यार्थ्याला कळेल आणि यंत्र काय करू शकत नाही हे अधिकाऱ्याला कळेल. ग्रामपंचायतीनेही आपली एखादी अडचण, मग ती पाणीवाटपाची असो वा घरपट्टीच्या नोंदींची, महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी जरूर सुचवावी.

पहिल्या अभ्यासक्रमातून दर वर्षी बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी संशोधक होणारे थोडेच असतील. बहुतेक जण बँकेत, शाळेत, दवाखान्यात, पंचायत समितीच्या कार्यालयात काम करतील. त्यांच्यासमोर एके दिवशी संगणकाने काढलेली एक यादी येईल आणि तिच्यात एखाद्या भूमिहीन मजुराच्या नावापुढे 'अपात्र' असा शेरा असेल. त्या क्षणी यादीवर सही करण्यापूर्वी 'हे कशावरून?' असे विचारणारा आणि उत्तर तपासण्याइतके गणित जाणणारा माणूस त्या खुर्चीवर असावा, एवढ्यासाठी हा अभ्यासक्रम काळजीपूर्वक आखावयाचा आहे.